तांबडी

तांबडीला घरात कुणी बोलावत नाही. ती चपलांबरोबर येते. पोरांच्या पांढऱ्या मोज्यांतून येते, मांजरीच्या पंजांवरून येते, आणि एकदा आली की हक्कानं राहते. बंगळुरूत पहिलं घर भाड्यानं घेतलं तेव्हा बाहेरच्या भिंतीचा खालचा हातभर पट्टा विटकरी रंगवलेला होता. घरमालकिणीची आवड असेल म्हणून मी सोडून दिलं. पहिल्या वळिवात जमिनीवरून शिंतोडे उडाले आणि पट्टा कशासाठी आहे ते कळलं. तांबडीला तिची जागा आधीच काढून दिलेली होती.

मी परभणीकडचा. माझ्या डोक्यातली माती काळी. पावसात ती चपलेला अशी लगडते की दहा पावलांत माणूस चार बोटं उंच होतो. मग काडीनं खरवडायचं आणि पुन्हा चालायचं. वाळली की ढेकूळ होऊन गळून पडते, मागे डाग ठेवत नाही. तांबडीचं उलटं. पाऊस थांबून अर्धा तास झाला की तिच्यावरून खुशाल चालत जावं, ती पायाला धरत नाही. घरी येऊन पाहावं तर पायजम्याच्या काठावर तिची सही असते, आणि ती कुठल्याही साबणाला जुमानत नाही.

इथं तिला केम्मण्णु म्हणतात. केंपु म्हणजे तांबडा, मण्णु म्हणजे माती. चिकमगळूरकडच्या केम्मण्णुगुंडी या थंड हवेच्या ठिकाणाच्या नावात तीच बसलेली आहे. मी मात्र तिला तांबडीच म्हणतो, गावाकडे गायीला हाक मारतात तसं.

आमच्या घराशेजारी एक रिकामी साइट होती, थर्टी-फॉर्टी. बंगळुरूत जमीन गुंठ्यात मोजत नाहीत. तीस फूट बाय चाळीस फूट हे इथलं माप, आणि कुणाचं किती चाललंय हेही लोक त्याच मापात सांगतात : याची थर्टी-फॉर्टी झाली, त्याची फॉर्टी-सिक्स्टी. या साइटचे मालक परदेशात होते. ‘कचरा टाकू देऊ नका म्हणजे झालं,’ एवढ्या अटीवर त्यांनी मला तिथं काहीही लावायची परवानगी दिली. त्या बाराशे चौरस फुटांत २०२४ च्या जानेवारीत मी भोपळा लावायचं ठरवलं. साधा नव्हे. ज्याच्यात बसून म्हातारी लेकीकडून खुशाल परत येईल असा.

असे भोपळे गोष्टीपुरते नसतात. कॅनडातल्या नोवा स्कोशिया प्रांतात विंडसर नावाचं गाव आहे. तिथल्या हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं निवड करत ‘अटलांटिक जायंट’ हे वाण घडवलं. १९८१ साली त्याचा भोपळा ४९३.५ पौंडांचा भरला, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या जवळपास, आणि तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. आज तो आकडा किरकोळ वाटतो. २०२५ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या पेटन नावाच्या जुळ्या भावांनी १,२७८.८ किलोचा भोपळा काट्यावर चढवला. त्याचीही आई अटलांटिक जायंटच्याच कुळातली. ऐन भरात असं फळ दिवसाला वीस-वीस किलोंनी वाढतं. आपल्या गावठी डांगराहून ही जात वेगळी, मूळची दक्षिण अमेरिकेतली. आणि गंमत अशी की बंगळुरूच्या वेशीवर हेसरघट्ट्याला जी भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था आहे, ती नेमकी उलट्या दिशेनं चाललेली. तिथं निघालेला ‘अर्का चंदन’ भोपळा दोन-तीन किलोंचा आणि ‘अर्का सूर्यमुखी’ किलोभराचा. अर्का हे नाव जवळच्या अर्कावती नदीवरून. शास्त्रज्ञांचं बरोबरच आहे. एका घरच्या सांबाराला किती भोपळा लागतो? पण मला सांबार करायचं नव्हतं.

अण्णांना फोन केला. अण्णा म्हणजे माझे वडील, परभणीजवळ आमच्या अकरा एकरांत अजून रोज चक्कर मारतात.

‘भोपळा लावायलोय अण्णा. मोठा.’

‘लाव की. उकिरड्यावर टाक चार बिया. भोपळ्याला काय लागतंय?’

‘इथली माती आंबट आहे म्हणतात. चुना घालावा लागतो आधी.’

पलीकडे जरा शांतता. मग अण्णा हसायला लागले. ‘मातीला चुना लावायलास? आरं, हितं चुनखडीनं जीव खाल्लाय आमचा, अन् तू पैशे देऊन चुना इकत घेणार!’

अण्णांच्या हसण्यात खोट नव्हती. काळीच्या पोटात चुनखडीचे खडे असतात, कुदळीला लागतात. तिचा सामू आठाच्या पुढेमागे. सामू म्हणजे पीएच. शेतकी खात्याचा हा शब्द मला लहानपणी कुणा माणसाचं नाव वाटायचा. ‘सामू वाढलाय’ असं कृषी सहायक म्हणाले की डोळ्यांसमोर कुणीतरी सामूकाका यायचे, सुटलेल्या पोटाचे. काका चौदा पायऱ्यांच्या जिन्यावर राहतात. सातव्या पायरीवर असले तर ना आंबट ना खारट. एक पायरी खाली उतरले की आंबटपणा दहापट, दोन उतरले की शंभरपट. तेव्हा साडेपाच आणि साडेसहा यांत फरक एकाचाच, असं म्हणणाऱ्यानं भोपळा लावू नये. राक्षसी भोपळेवाल्यांना काका साडेसहा ते सातच्या मध्ये बसलेले हवे असतात. जमिनीत सेंद्रिय पदार्थ शंभरात आठ-दहा भाग हवेत, कॅल्शियम भरपूर, मॅग्नेशियम बेताचं, पालाश वेळेवर. तांबडीकडे यातलं काय होतं?

आधी एक दोन काट्यांचा मीटर ऑनलाइन मागवला. जमिनीत खुपसला, ७ दाखवले. कुंडीत खुपसला, ७. लिंबात खुपसला, तरी ७. असा समदर्शी संत फेकून द्यायचा जीव झाला नाही, आता तो टोमॅटोला आधार म्हणून उभा आहे. मग रीतसर नमुने घेतले. वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा, त्याच्या कडेची माती तासायची, आठ-दहा ठिकाणची एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं, आणि सावलीत वाळवायचं. मी ईशान्येच्या कोपऱ्यातली माती वेगळ्या पिशवीत भरली, कारण तिथं गवतही वेगळं उगवलं होतं. हे एकच शहाणपण त्या महिन्यात मला सुचलं.

अहवाल आला. साइटच्या मागच्या भागात सामू ५.४. ईशान्येला ८.१.

एकाच थर्टी-फॉर्टीत दोन बायका राहत असाव्यात तसं ते वाचून वाटलं. उलगडा शेजारच्या अज्जीनं केला. आमचं लेआउट होण्याआधी इथं रागीचं शेत होतं, आणि ते तिच्या सासऱ्याचं होतं. आता तिच्याकडे दोन गाई आणि एक गोठा तेवढा उरलाय. तिनं मागच्या भागातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली आणि म्हणाली, ‘हुळी.’ म्हणजे आंबट. ईशान्येच्या कोपऱ्याकडे तिनं नुसता हात केला. शेजारची तीन मजली इमारत उठत होती तेव्हा गवंडी तिथं सिमेंट कालवायचे, फुटलेलं प्लास्टर टाकायचे. सिमेंटातला चुना वर्षानुवर्षं पावसानं झिरपत होता. प्रयोगशाळेला मी पैसे दिले होते. अज्जीला चहा दिला.

तांबडीचं कूळ पाहायचं असेल तर लालबागेत जावं. काचघराकडे पाठ करून त्या उघड्या खडकावर चढावं, केंपेगौडाच्या बुरुजाशी. शनिवारी-रविवारी तिथं पोरं घसरगुंडी खेळतात आणि जोडपी छत्री उघडून बसतात. तो खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं १९७५ मध्ये त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलं. आमची काळी ज्या लाव्हारसाच्या खडकापासून झाली तो जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. तांबडीपुढे काळी म्हणजे कालची पोर. या पट्टेदार नाइस खडकाचा भुगा ऊनपावसात कुजत गेला. त्यातलं जे जे विरघळण्यासारखं होतं, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश, ते पाण्याबरोबर निघून गेलं. जे विरघळेना ते मागे राहिलं : वाळू, पांढरी चिकणमाती आणि लोखंड. लोखंड गंजलं आणि तिचा रंग झाला. श्रीमंत घराण्यात शेवटी नुसता वाडा आणि आडनाव उरावं तशी ही आहे. रंग राजेशाही, कोठारात खडखडाट.

म्हणून तिच्या काही सवयी आहेत. काळीच्या मातीकणांना खिसे पुष्कळ. जे द्याल ते ती कुठंतरी खोचून ठेवते आणि मुळं मागतील तसं काढून देते. तांबडीचे खिसे थोडे आणि तेही फाटके. पालाश दिलं तर दोन जोरदार पावसांत ते खाली. नत्र त्याच्याही आधी. स्फुरदाचं मात्र वेगळं. ते हाती पडलं रे पडलं की ती लोखंड-अॅल्युमिनियमच्या आतल्या कपाटात ठेवून देते. मग घरात लग्न निघालं तरी तो दागिना बाहेर यायचा नाही. अहवालात स्फुरद दिसतं, वेलाला दिसत नाही. आणि सामू साडेपाचाच्या खाली गेला की तिचा खरा राग बाहेर येतो. एरवी गप्प बसलेलं अॅल्युमिनियम विरघळतं आणि कोवळ्या मुळांची टोकंच करपतात. रागीला त्याचं फार वाटत नाही, ती कष्टाळू बाईसारखी कुठंही उभी राहते. भोपळ्याला वाटतं.

तिला पहिल्यांदा शास्त्रशुद्ध प्रश्न विचारले गेले ते १८९९ साली. म्हैसूर संस्थानचा राज्यकारभार पाहणाऱ्या महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी हेब्बाळला ३० एकर जमीन दिली. तिथं डॉ. लेहमन यांनी रासायनिक प्रयोगशाळा थाटून कुठल्या मातीत कुठल्या खताला पीक काय उत्तर देतं हे पाहायला सुरुवात केली. आजच्या कृषी विद्यापीठाचं मूळ तिथलं. सव्वाशे वर्षांनी मी तेच करत होतो, फक्त मला उत्तराची घाई होती.

चुना आणायला निघालो. सिमेंटच्या दुकानात चुना मिळतो, पानवाल्याकडे मिळतो, आणि खतांच्या दुकानात चुनखडीची भुकटी मिळते. शेतीला हवी ती शेवटची. ती सावकाश विरघळते आणि तिला ओल लागते. महिना-दोन महिने आधी घालून मातीत नीट कालवावी लागते, नाहीतर जिथं पडली तिथंच पडून राहते. मला दोन महिने कुठले? मी रंगकामाचा विरवलेला चुना आणला, तो झटकन लागू पडतो म्हणून. आणि एकाच रविवारी, एकाच खड्ड्यात, चुना, अज्जीकडचं ताजं शेण आणि कोंबडीखत असं सगळं एकदम कालवलं.

पाच मिनिटांत डोळे चुरचुरायला लागले. चुना आणि ताजं खत एकत्र आलं की खतातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. हे बारावीच्या पुस्तकात होतं, आणि मला त्या धड्यात बरे गुण होते. वरच्या मजल्यावरच्यांनी गॅसचं सिलिंडर बंद केलं आणि खाली येऊन माझंही बंद करायला सांगितलं. दीडशे रुपयांचं कोंबडीखत नाकादेखत हवेत गेलं. अज्जी गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कुजलेलं जुनं शेणखत दिलं, वर करंजाची पेंड. इथं तिला होंगे हिंडी म्हणतात आणि पूर्वी शेताच्या बांधावर करंजाची झाडं त्यासाठीच ठेवत.

बियांच्या पाकिटात पाच बिया होत्या, अंगठ्याच्या नखापेक्षा मोठ्या. दोन उगवल्या. एक ठेवली. फेब्रुवारीच्या मध्यावर वेलानं जमीन धरली आणि मला वाटलं, आता जमलं. नवी पानं सुपाएवढी यायला हवी होती. ती आली ताटलीएवढी, आणि पिवळी. शिरा हिरव्या, मधलं सगळं फिकट. ते पान मी हातात घेतलं आणि ओळखलं. हा केवडा. आमच्याकडे चुनखडीच्या जमिनीत भुईमुगावर येतो, उसावर येतो, केवड्याच्या पातीसारखं पान पडतं म्हणून केवडा. वेलाला लोह मिळत नाही तेव्हा होतं ते. परभणीचा रोग मी शिकूनसवरून बंगळुरूत आणला होता.

झालं होतं असं. काळी जड आहे, तिचं मन वळवायला गाडाभर गंधक घाला, ती हलत नाही. मी तोच हात तांबडीवर चालवला. पण हिचं वजनच हलकं. चौरस मीटरला पावशेर चुनखडीत जी मानली असती तिला मी त्याच्या तिप्पट चुना चारला, तोही जहाल. ती मानली आणि वर नको तितकी मानली. वेलाच्या बुडाशी सामू ७.९. त्या पायरीवर लोखंड मुठी आवळून बसतं. पायाखाली कित्येक पिढ्यांचं गंजलेलं लोखंड, लोखंडानंच तांबडी झालेली जमीन, आणि तीत उभा वेल लोखंडावाचून पिवळा! मी लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे लोहाचाच क्षार, आणि अर्धं लिंबू पिळून पानांवर फवारलं. सकाळी सातला, ऊन तापायच्या आत. तिसऱ्या दिवशी पानं हिरवी धरू लागली. तांबडीच्या घरात राहून हा वेल बाहेरच्या खाणावळीत जेवत होता.

अण्णांना सांगितलं. ते या वेळी हसले नाहीत. ‘चुना थांबीव. शेणखत घाल, दुसरं कायबी नको घालू. अन् तिला जरा टाइम दे.’

शेणखतानं खरंच काम केलं. कुजलेल्या खताच्या अंगात खिसे असतात, तांबडीला ते उसने मिळाले. सामूही घसरत घसरत सातापाशी आला. वेलाच्या पेराजवळ माती ओढली की तिथून नवी मुळं फुटतात. राक्षसी भोपळेवाले सगळा वेल असा जागोजागी पुरत नेतात, म्हणजे एका फळाला शंभर तोंडांनी जेवता येतं. मीही पुरत गेलो, ईशान्येचा कोपरा सोडून. एकदा चुकून वेलाचं एक टोक तिकडं गेलं, तर आठवड्यात तेवढंच टोक पिवळं. तांबडी मला नकाशा काढून देत होती.

मार्चच्या एका पहाटे मादी फूल उमललं. नराचं फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, मी सोयरीक जुळवून दिली. त्याच सुमारास शहरातल्या बोअरवेल कोरड्या पडायला लागल्या. पाणीपुरवठा मंडळानं पिण्याचं पाणी बागेला घालायला बंदी केली, दंड पाच हजार. त्यात चूक काहीच नव्हतं. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून, टप्प्याटप्प्यानं वर चढवून इथं येतं. ते राक्षसाला पाजायचं कुठल्या तोंडानं? मग मी घरोघरचं आरओ मशीनचं टाकाऊ पाणी बादल्यांनी गोळा करू लागलो. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

तांबडीला ते पाणी पसंत नव्हतं. आरओ मशीन चांगलं पाणी आपल्याला देतं आणि सगळे क्षार उरलेल्या पाण्यात ढकलतं. मुळात बोअरचं पाणी जड, बायकार्बोनेटचं. त्याचं ते उरलंसुरलं. तीन आठवड्यांत मातीवर पांढरी साय धरली आणि सामूकाका पुन्हा जिना चढू लागले. जन्मानं आंबट असलेली ही बाई शहराच्या पाण्यानं खारट होत चालली होती. बंगळुरूत बोअरवर जगणाऱ्या कितीतरी बागांचं हेच होत असणार, फक्त तिथं कुणी भोपळा लावलेला नसतो म्हणून कळत नाही. अज्जीनं दोन गोष्टी सुचवल्या : तांदळाचं धुवण, आणि कोपऱ्यावरच्या अपार्टमेंटचं शुद्ध केलेलं सांडपाणी. दुसरं टँकरनं यायचं, पण टँकरचा वार ठरलेला नसायचा. कधी दोन दिवसांनी, कधी सहा.

आणि भोपळ्याचं दुखणं इथंच असतं. फळाच्या सालीला कॅल्शियम लागतं. जमिनीत कितीही असलं तरी ते पाण्याच्या खांद्यावर बसूनच वर जातं, आणि पाणी जातं ते आधी पानांकडे, कारण पानं घामाघूम. फळाला मिळतं ते उरलेलं. पानात एकदा मुरलेलं कॅल्शियम मागे फिरून फळाकडे येत नाही. पाण्यात खंड पडला की सालीच्या विणीत खंड पडतो. बाहेरून काही दिसत नाही.

तरी एप्रिलमध्ये तो वाढत होता. मी रोज संध्याकाळी शिंप्याची टेप घेऊन त्याच्या पोटाचा घेर मोजायचो. खाली वाळू पसरली होती, वर जुनी चादर. आमच्या रस्त्यावर बांधकाम चाललेल्या प्रत्येक घरापुढे दृष्टीसाठी कोहळा टांगलेला असतो, मिशा काढलेला. अज्जीचं म्हणणं, भोपळ्यालाही दृष्ट लागते. तिनं एक छोटा कोहळा आणून वेलाच्या काठीला बांधला. म्हणजे भोपळ्याच्या रक्षणाला कोहळा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, हेच कोहळे कुंकू भरून साऱ्या शहरात रस्तोरस्ती फुटतात आणि दुचाकीवाले त्यांच्यावरून घसरतात. फळं फोडण्यात या शहराचा हात धरणारं कुणी नाही.

एप्रिलभर पाऊस नव्हता. मेच्या सुरुवातीला तो आला, बंगळुरूच्या रीतीनं : संध्याकाळी पाचला, गारांसकट, झाडं पाडत. सहा दिवस तहानलेल्या वेलानं रात्रभर पाणी ओढलं. पहाटे मी पलंगावर होतो आणि बाहेर काहीतरी फुटल्याचा आवाज आला. शेजारच्यांना वाटलं, टायर. भ्रमाच्या संदर्भातली ती म्हण इथं येणार हे वाचकांनी केव्हाच ओळखलं असेल, म्हणून ती लिहीत नाही. देठापासून बुडापर्यंत एक चीर, हात जाईल एवढी, आणि आत केशरी काळोख.

रद्दीवाल्याच्या काट्यावर तुकडे तुकडे करून तोलला. ४३ किलो. विंडसरला उन्हाळ्याचा दिवस साडेपंधरा तासांचा असतो, इथं तेराही भरत नाहीत, तेव्हा विक्रम होणार नव्हता हे माहीतच होतं. पण शंभराची आशा होती. फोड प्रत्येक घरी गेली. आमच्याकडे घारगे करून पाहिले. इतकं पाणी सुटलं की पीठ संपलं तरी गोळा होईना. राक्षस चवीला बेतास बात असतात. अज्जीनं तिची फोड गाईंना घातली आणि बियांचा गर काढून परड्यात वाळत टाकला.

सप्टेंबरात मी उगाचच पुन्हा एकदा माती तपासून घेतली. मधे साडेतीन महिन्यांचा पाऊस होऊन गेला होता, क्षार धुपून गेले होते, शेणखत मुरलं होतं, वेल तिथंच कुजला होता. सामू ६.६. सेंद्रिय कर्ब दुपटीवर. भोपळेवाल्यानं चौकटीत लावून ठेवावा असा अहवाल. अज्जीनं तिथं अवरे पेरले, हिवाळ्यातल्या वालाच्या शेंगा. त्या अशा आल्या की आमची सगळी गल्ली डिसेंबरभर अवरेकायी सोलत होती.

जानेवारीत साइट विकली गेली. किती कोटींना ते मी विचारलं नाही. एके काळी हे अख्खं बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, आणि १६८७ साली ते म्हैसूरच्या चिक्कदेवराय वडियारांकडे गेलं ते तीन लाख रुपयांना. विकायला काढलं होतं व्यंकोजीराजांनी, ताबा दिला मधेच घुसलेल्या मुघलांनी. बंगळुरूतल्या मालमत्तेचे व्यवहार तेव्हापासूनच असे.

सोमवारी सकाळी जेसीबी आला. पायाची माती काढायची होती. तळघरात दोन मोटारींचं पार्किंग असल्यामुळे खोदाई बारा फुटांची. वरचा फूटभर थर निघाला तेव्हा टिपरच्या ड्रायव्हरनं खाली उतरून ढेकूळ हातात घेतलं, चुरलं, वास घेतला. ‘मण्णु चेन्नागिदे सार,’ तो म्हणाला. माती झकास आहे. कुठं नेणार विचारलं. तो म्हणाला, नर्सरीत. तिथं ‘रेड सॉइल’ म्हणून पोत्यांत भरतात, अपार्टमेंटच्या बाल्कन्यांत जाते. मागच्या भागातली माती खालच्या लाल मुरमाहून काळपट दिसत होती, आणि तिच्यात अजून कुठं कुठं भोपळ्याच्या वाळक्या वेलाचे दोर लोंबत होते.

मी त्याला सांगायला गेलो की ईशान्येच्या कोपऱ्यातली माती वेगळी ठेवा, तिच्यात सिमेंट आहे, सामू आठच्या वर आहे. जेसीबीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं. त्यानं अंगठा दाखवला, आणि मी परत कुंपणापाशी पोचेपर्यंत दोन्ही माती एकाच टिपरमध्ये पडल्या होत्या.